आण्णांचा ढिला पट्टा

कबनूरला आम्ही राहायचो त्या खोलीची मागची भिंत आणि मालकाच्या माग-कारखान्याची भिंत एकच होती. भिंतीला पाठ टेकली की पाठीत माग चालायचे. ताटलीतली आमटी सारखी थरथरत असायची, आणि तिच्यात डाळ इतकी कमी की ताटलीचा तळ दिसायचा. लाईट जाऊन माग बंद पडले की आम्ही तिघंही झोपेतनं दचकून उठायचो. त्या आवाजाशिवाय झोप म्हणून लागायची नाही. आई दारात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. आणि भिंतीपलीकडं माझे वडील, आण्णा, जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. लोक 'डॉक्टर' म्हणतात ना, तसा तो शब्द आण्णांच्या तोंडातनं यायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पावण्यालासुद्धा ते न विचारता सांगायचे, "मी जॉबर हाय."

त्या जुन्या कारखान्यात वर छताखाली एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरनं प्रत्येक मागाला चामड्याचा एकेक सपाट पट्टा खाली यायचा. पट्टा पुलीवरनं उतरला तर मोटर बंद करून तो परत चढवायचा, हा नियम. पण मोटर बंद केली की सगळी रांग थांबणार आणि मालक बोंबलणार. म्हणून चांगला जॉबर कोण, तर फिरत्या पुलीवर तळहातानं पट्टा चढवतो तो. हुशारी म्हणायचे ती हीच. मी दहावीत असताना या हुशारीनं आण्णांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं.

बँडेज सुटायच्या आत आई त्यांना जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेली. मीही होते. गुलालानं माखलेल्या त्या गर्दीत देवापुढं उभं करून आई म्हणाली, "म्हणा. परत पट्ट्याला हात लावणार न्हाय."

आण्णा बँडेजवर पडलेला गुलाल झटकत राहिले.

"म्हणा की!"

शेवटी मागच्या रांगेतली एक बाई वैतागली. "अवो पावणं, म्हणून टाका की एकदाचं. आमाला बी दर्शन घ्यायचं हाय!"

तेव्हा कुठं आण्णांनी म्हटलं.

जॉबरनं पट्ट्याला हात लावायचा नाही म्हणजे आचाऱ्यानं चुलीला हात लावायचा नाही. आण्णा सुताचे जड रोळ खांद्यावरनं वाहायला लागले, कोपऱ्यातली कापसाची धूळ झाडायला लागले. पुढं मालकानं ते जुने माग भंगारात घातले आणि तेही काम गेलं. मग घरात भांडणं कशावरनंही व्हायची... मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं म्हणून आख्खी संध्याकाळ कुणी कुणाशी बोललेलं नाही. आमच्याकडं तेव्हा सगळ्यात वाईट शिवी 'ढिला' ही होती. पट्टा ढिला तर माग बंद, माग बंद तर चूल बंद. त्यामुळं जगातलं जे जे वाईट ते आण्णांच्या लेखी ढिलं. भात मऊ झाला तर ढिला. एस.टी. उशिरा आली तर ढिली. गणितात मार्क कमी पडले तर मी ढिली. स्वतः ते एका जागी म्हणून बसायचे नाहीत. कपड्यांच्या दोरीखालनं जाताना दोरीसुद्धा अंगठ्यानं दाबून बघायचे, ताण आहे का.

अशा घरातनं मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि हे मी बसस्टॉपवर भेटलेल्या माणसालाही सांगते. लाजायचं काय त्यात? शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्टोअर्सला लागले, उचगावात दोन खोल्या घेतल्या आणि आईआण्णांना कबनूरहून आणलं. आण्णांना गावाबाहेरच्या एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर काम मिळालं. काम काय, तर पाईप धरून हिरवळीला पाणी मारायचं. पंगतीत कुणी विचारलं तरी आता ते काही सांगायचे नाहीत.

तर हे आण्णा गेले. त्याला आता काही आठवडे झाले. मी फौंड्रीत आलेला माल तपासत होते, तेवढ्यात हसीनाभाभींचा फोन आला. भाभी त्याच मैदानावर झाडलोट करतात. त्यांचा आवाज एरवी गेटपासून ऐकू येतो. त्या दिवशी हळू बोलल्या. "वैशू, ये. रिक्षानं ये. गाडी चालवू नगंस."

गाडी चालवू नकोस म्हटल्यावर मला कळलं.

मैदानाच्या कडेच्या शेडमध्ये आण्णा सावलीला बसले होते, पाणी प्यायले होते, आणि बसल्या जागी मान टाकली होती. डॉक्टर हृदय म्हणाले. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. तीत चष्मा, घड्याळ, कापून काढलेला कमरेचा करदोडा... आणि त्या करदोड्याला बांधलेली एक किल्ली. सिस्टर म्हणाली, "कपाटाची असंल, जपून ठेवा."

ती कपाटाची नव्हती. गवत कापायच्या मशीनची होती. मैदान अर्धं कापून झालं होतं, अर्धं राहिलं होतं, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

तेव्हापासून माझं बूड कुठं टेकत नाही. लोक म्हणतात शांत बस, रडून घे. मला रडायलाही बसवत नाही. शेजारणीकडं गेले की तिच्या शिलाई मशीनची वादी अंगठ्यानं दाबून बघते. फौंड्रीत कॉम्प्रेसर बंद असला की जाळी काढून त्याचा पट्टा दाबते. परवा पिठाच्या गिरणीत दळण द्यायला गेले आणि माझा हात आपोआप पुढं गेला; गिरणीवाला ओरडला, "ओ मॅडम, हात जाईल!" मी तशीच दळण न घेता घरी आले. आई म्हणाली, "पीठ कुठाय?"

ते मशीन संस्थेत आलं ते परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं भेट दिलं म्हणून. चार चाकं, वर खुर्ची, स्टिअरिंग, आणि पोटाखाली पाती. बसून चालवायचं. मैदानावर त्याचं नावच 'बसायचं मशीन' पडलं. सगळ्यांनी त्याच्यावर बसून फोटो काढले, खेळाच्या सरांनी फीत कापली. पण चालवायला कोण तयार होईना. आण्णा लांब पाईप धरून उभे होते. खेळाचे सर सहज म्हणाले, "काय आण्णा, बसता का?" आण्णांनी पाईप तिथंच टाकला. पाणी वाहत राहिलं, तो बंद करायला भाभी धावल्या.

आता हे मशीन कसं चालतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनापासून पात्यांपर्यंत एक रबरी पट्टा जातो. सगळे त्याला बेल्ट म्हणायचे, आण्णा पट्टाच म्हणायचे. खुर्चीजवळ एक लिव्हर असते. ती वर ओढली की मधली एक लहान पुली पट्ट्याला दाबते, पट्टा ताणला जातो आणि पाती फिरतात. लिव्हर खाली केली की ती पुली मागं सरते, पट्टा सैल पडतो, पाती थांबतात. इंजिन चालूच राहतं. म्हणजे सगळा खेळ त्या ताणण्याचा आणि सैल सोडण्याचा. आण्णांना यातलं पहिलं अर्धं जन्मापासनं येत होतं.

काही दिवसांनी पट्टा घसरून किंचाळायला लागला. आण्णांनी कबनूरचा इलाज केला. मागाचा चामडी पट्टा घसरला की त्याला राळ लावतात, म्हणजे तो पुलीला धरून राहतो. आण्णांनी काष्ठौषधीच्या दुकानातनं राळ आणली, कुटली, पट्ट्यावर चोळली. किंचाळणं बंद! खेळाच्या सरांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. आण्णा घरी येऊन दोन भाकरी जास्त जेवले. आईनं त्यांचा हात धरून नाकाशी नेला.

"कशाचा वास हाय हाताला?"

"मातीचा."

"माती जळाली व्हय?"

मी खाली मान घालून जेवत राहिले. मला माहीत होतं. कबनूरच्या पोरीला पट्ट्याचा वास माहीत नसणार? पण आण्णा त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी बोलता बोलता जेवत होते. मी काही बोलले नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

राळ चामड्याला चालते, रबराला नाही. गुऱ्हाळात काकवीवर माश्या बसतात तशी कापलेल्या गवताची भुकटी त्या पट्ट्यावर चिकटली. वरनं घासून घासून तो काचेसारखा चमकायला लागला, मग आणखी घसरला, तापला, आणि मैदानाच्या मध्यावर फटाक्यासारखा आवाज करून तुटला. आण्णा तो तुटका पट्टा गळ्यात अडकवून कोल्हापूरभर फिरले. तसला कुठंच मिळेना. शेवटी पिठाच्या गिरणीचे पट्टे विकणाऱ्या दुकानातनं त्याच जाडीचा पण मुद्दाम एक माप आखूड आणला. "नवा पट्टा चालून चालून लांबतो. आदीच आखूड घ्यायचा," हे जॉबरचं शास्त्र.

तो रविवार होता, मी डबा घेऊन मैदानावर गेले होते. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं. आण्णा म्हणाले, "वाच बघू, काय म्हणतंय ते."

मी वाचलं. "लिव्हर खाली असताना पट्टा सैल पाहिजे."

"सैल म्हंजे?"

"सैल म्हंजे... ढिला."

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी त्यांना शिवीच दिली. "ढिला? पुस्तक लिवणारा कवा मागावर उभारलाय का?"

"हा माग न्हाय, आण्णा."

"पट्टा हाय न्हवं? मग मागच." मग त्या मधल्या लहान पुलीवर बोट ठेवलं. "आन ही बया कशाला हाय इथं? इंजनाची न्हाय, पात्याची न्हाय. रिकामटेकडी नुसती. हिला काढूनच टाकावं म्हणतो."

"पुस्तकात तिचं नावच रिकामी पुली असं हाय," मी म्हटलं.

"बघ! मी म्हटलं न्हवं?"

पट्टा त्यांनी पान्याच्या दांड्यानं रेटून कसाबसा चढवला. अंगठ्यानं दाबून बघितला. टणक. "ह्याला म्हणायचं पट्टा," असं म्हणून खुर्चीवर बसले आणि सुटले. काय सुंदर कापत होतं! सकाळचं ओलं गवत, मशीनच्या मागं सरळ पट्टे उमटत जात होते. मी बांधावर बसून बघत होते. आण्णांची पाठ ताठ होती, आणि ती पाठ बघून मला वाटलं, जोतिबानं थोडं दुसरीकडं बघितलं तर बरं होईल.

ओलं गवत बाहेर पडायच्या बाजूच्या तोंडात अडकलं. आण्णांनी लिव्हर खाली केली आणि भाभींना हाक मारली. इंजिन चालू होतं. त्या आवाजात पात्यांचा आवाज कुणाला कळणार? भाभी आल्या, वाकल्या, हातातला खराटा उलटा केला आणि त्याची काठी त्या तोंडात घालून गवत ओढायला गेल्या...

फडफडफड असा आवाज झाला आणि भाभींच्या हातात वीतभर काठी राहिली. बाकीची मैदानावर बारीक होऊन उडाली.

"आण्णा!" भाभी किंचाळल्या. "तुमच्या मशीननं माझा खराटा खाल्ला की वो!"

आणि हसल्या. मी पण हसले. मग आम्हा दोघींची नजर त्या वीतभर काठीवर गेली. खराटा जवळच होता म्हणून तो आत गेला. नाहीतर हातच गेला असता, एरवी त्या हातानंच काढायच्या. लिव्हर खाली होती. पाती फिरत होती. आखूड पट्ट्यानं सैल व्हायला जागाच ठेवली नव्हती.

आण्णांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. डोक्यावरची टोपी काढून डावा हात तिच्यात घातला आणि ती पोटाशी धरून शेडमध्ये जाऊन बसले. डब्यातलं काही खाल्लं नाही. मग म्हणाले, "पुस्तक आण."

मी परत वाचलं, पहिल्या पानापासनं. मध्येच ते म्हणायचे, "थांब. परत सांग." ढिला या शब्दावर आता त्यांनी भांडण काढलं नाही. पट्ट्याचा नंबर पुस्तकात होता. तो मी फौंड्रीत माल पुरवणाऱ्या एकाला दिला आणि बरोबर मापाचा पट्टा कुरियरनं आला. आण्णांनी आधी खडूनं शेडच्या भिंतीवर पट्ट्याची वाट काढली, कुठल्या पुलीच्या आतनं, कुठल्या पुलीच्या बाहेरनं. एकेक पुली हातानं फिरवून कान लावून ऐकली. खरखर करणारी पुली नवा पट्टापण खाते, हे त्यांना मागावरनंच माहीत होतं. वर साचलेलं वाळलं गवत ब्रशनं काढलं. मग पट्टा घातला. आणि तो लोंबत राहिला.

"मेलेल्या सापागत पडलाय," आण्णा नाराज होऊन म्हणाले.

"लिव्हर वर करा की," मी म्हटलं.

वर केली. ती रिकामटेकडी पुली पुढं आली, पट्टा ताठ. खाली केली. साप मेला. वर. खाली. वर. खाली. इंजिन बंदच होतं, पण आण्णा नुसती लिव्हर खालीवर करत राहिले. मग त्या लहान पुलीवर बोट ठेवून म्हणाले, "हिच्याच जिवावर हाय की सगळं!"

खराटा गेला त्या दिवशी घरी जायची मात्र दोघांनाही भीती होती, कारण भाभी आमच्या आधी घरी पोचल्या होत्या. त्या कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नाहीत, पण गोष्ट पोटात ठेवणाऱ्याही नाहीत. आई उंबऱ्यात उभी होती.

"माती जळाली व्हय वो?"

त्या रात्री आमच्या दोन खोल्यांत जे झालं ते लिहीत नाही. इतकंच सांगते की आईनं आवाज चढवला नाही, आणि ती आवाज चढवत नाही तेव्हा आण्णा घाबरायचे. पुढच्या रविवारी तिनं आम्हा दोघांना जोतिबाला नेलं. दर्शनाच्या रांगेतच दोघांचं सुरू झालं.

"मी फिरत्या पट्ट्याला म्हणलोतो," आण्णा म्हणाले. "थांबलेल्या पट्ट्याला हात लावणार न्हाय असं कवा म्हणलोतो?"

"खोटं बोलू नका, देवाच्या दारात हाय."

"बरं, नव्यानं म्हणतो. फिरत्या पट्ट्याला हात लावणार न्हाय."

"आन तो फिरतोय का थांबलाय हे देवाला डोंगरावरनं कसं दिसायचं?"

आण्णांनी शर्ट वर केला आणि कमरेचा करदोडा दाखवला. त्याला मशीनची किल्ली बांधलेली होती. घरनं निघतानाच बांधून आले होते. "ही कमरंला असली की मशीन मेलं. मशीन मेलं की पट्टा मेला. किल्ली कमरंला बांधल्याबिगर हात घालणार न्हाय. चालतंय?"

आईनं ती किल्ली ओढून बघितली. "देवाला दिसंल," ती म्हणाली. "मला कसं दिसायचं?"

"तू रोज हात बघ."

तसं ठरलं. आण्णा संध्याकाळी आले की चप्पल काढायच्या आधी आई म्हणायची, "हात दाव." एरवी ती त्यांना अहोजाहो करायची, पण या दोन शब्दांपुरतं नाही. आण्णा दोन्ही हात पुढं करायचे. आई उलटेसुलटे करून बघायची आणि मग चहा टाकायची. पाहुणे असले तरी हेच. एकदा माझ्या ऑफिसातल्या बायका आल्या होत्या, त्यांना वाटलं आई हात धुतलेत का बघतेय. मी काही समजावून सांगितलं नाही.

त्यानंतर आण्णा बदलले असं मी म्हणणार नाही. तसेच होते. मोठ्यांदा बोलायचे, खेळाच्या सरांना "सर, तुमी शिट्टी वाजवा, मशीन मी बघतो," म्हणायचे, आणि पंगतीत पावण्यांना परत न विचारता सांगायला लागले, "मी जॉबर हाय. मैदानाचा." पट्टा दर आठवड्याला काढून उलटा वाकवून भेगा बघायचे, कडेला सुतं सुटलीत का बघायचे, रबराची काळी भुकटी पडलेली दिसली की तिचा माग काढायचे. भाभींनी हट्ट धरला, "माझा खराटा खाल्लाय, आता मला शिकवा." तर आण्णांनी त्यांना शिकवलं, इतकं ओरडून की पलीकडच्या वर्गातले मास्तर खिडक्या लावून घ्यायचे. "भाभी, किल्ली कुठाय? किल्ली आदी! हात नंतर!" भाभी म्हणायच्या, "या अल्ला, आण्णा, मी बहिरी न्हाय हो!"

बदललं ते एवढंच की 'ढिला' ही शिवी घरातनं गेली. तिच्या जागी दुसरं वाक्य आलं. कुणी चिडलं, घाईला आलं, की आण्णा म्हणायचे, "लिव्हर खाली कर." मी स्टोअर्सची इनचार्ज झाले तेव्हा महिनाभर झोपेत माल मोजायचे, आण्णा पाणी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "वैशे, इंजन चालू राहूदे. लिव्हर तेवढी खाली कर." ज्या माणसानं मला एका गणिताच्या मार्कासाठी ढिली म्हटलं होतं तो हे म्हणत होता. मला पटायचं नाही. आजही पूर्ण पटत नाही. ताणल्याशिवाय आमच्यासारख्यांचं काय होतं, हे मी बघितलंय. पण ताणून काय होतं तेही त्या खराट्यात बघितलंय.

शेवटच्या सकाळीही तेच. माझी स्कूटरची किल्ली सापडेना, मी सगळ्या घरावर खेकसत होते. आण्णांनी स्वतःची कमरेची किल्ली चाचपली आणि म्हणाले, "मी बग कशी बांधून ठेवतो. लिव्हर खाली कर, जरा बस, सापडंल." मी म्हटलं, "तुम्ही गप बसा हो!" किल्ली पायपुसण्याखाली सापडली. मी गेले. ते त्यांच्या डब्याचं झाकण घट्ट बसलंय का अंगठ्यानं दाबून बघत होते...

दिवसकार्य झालं तरी मी किल्ली पर्समधनं काढली नाही. मशीनला दुसरी किल्ली नव्हती. संस्थेतनं दोनदा निरोप आला, मी हो हो म्हटलं. एकदा मैदानावरनं स्कूटर नेली तर मध्यावर रेघ दिसली. आण्णांनी कापलेला भाग आणि राहिलेला भाग. राहिलेल्या भागात पोरांचा चेंडू हरवत होता आणि ती कंबरेत वाकून शोधत होती. मी थांबले नाही.

शेवटी भाभी घरी आल्या. चहा घेतला नाही. "वैशू, किल्ली दे."

"भाभी, मशीनला तुमी..."

"मग कोण? अर्धं टाकून ठेवल्यालं तुझ्या आण्णांना चाललं असतं व्हय?"

मी पर्स उघडली. किल्ली काढली, करदोड्याचा तो कापलेला तुकडाही तिला तसाच होता. भाभींनी तो सोडवला नाही. सगळाच ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला, आणि गाठ ओढून बघितली. मी त्यांच्या मागोमाग गेले. आईपण आली, आजवर कधी त्या मैदानात पाऊल न टाकलेली.

शेडच्या भिंतीवरची खडूची वाट अजून होती. भाभींनी हात घालायच्या आधी किल्ली ओढणीला आहे का बघितलं, मग पट्टा दाबला. मला म्हणाल्या, "तू बी बघ." मी अंगठा ठेवला. पट्टा ढिला होता, असावा तेवढा ढिला. माझा अंगठा त्यात बुडाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तो लगेच काढून घेतला नाही.

भाभींनी राहिलेलं अर्धं मैदान कापलं. आण्णांइतकं सरळ नाही, वळणावर थोडं वाकडं. इंजिन बंद करून, किल्ली परत ओढणीला बांधून त्या घामाघूम होऊन आल्या तेव्हा आई बांधावरनं उठली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"हात दाव."

भाभींनी दोन्ही हात पुढं केले. हिरवे झाले होते. आईनं उलटेसुलटे करून बघितले. दवाखान्यात तिनं चादर बाजूला करून आण्णांचा हात असाच बाहेर काढला होता, बघितला होता आणि परत आत ठेवला होता.

आण्णा गेले तेव्हा त्यांच्या हातांना आठ बोटं होती. मशीनवर पहिल्यांदा बसले तेव्हाही आठच होती.